व्हिडिओ लॅपटॉपवर चालतो, टीव्हीवर चालत नाही: एक्स्टेन्शन बदलण्याआधी काय तपासायचं

लॅपटॉपवर नीट चाललेला व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये टाकून टीव्हीला लावला की ‘फाइल सपोर्टेड नाही’ असा संदेश येतो. कधी चित्र छान दिसतं पण आवाजच नाही. कधी फाइल यादीतच दिसत नाही. इंदूरच्या मराठी घरांत ही तक्रार दर वर्षी ठरलेल्या दिवसांत पुन्हा पुन्हा येते: गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमांचं शूटिंग घरोघरी वाटलं जातं तेव्हा, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले दिव्यांनी सजवलेले देखावे) रात्रभर जागून चित्रित केल्यावर, रंगपंचमीच्या गेर या मिरवणुकीनंतर. लग्नसराईत तर विचारायलाच नको. आणि त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय एकच असतो, फाइलच्या नावातलं .एमकेव्ही खोडून .एमपी४ लिहा.

हा उपाय कधीकधी चालतो, म्हणूनच तो इतका पसरला आहे. पण तो का चालतो हे कळलं की कधी चालणार नाही हेही कळतं. बरेच टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फाइलींची यादी बनवताना फक्त नावाचं शेपूट पाहतात. ओळखीचं एक्स्टेन्शन नसेल तर फाइल यादीत घेतच नाहीत. नाव बदललं की फाइल यादीत येते, आणि मग टीव्हीतला प्लेयर फाइलचे सुरुवातीचे बाइट वाचून आत काय आहे ते स्वतः ओळखतो. आतला माल त्याला झेपणारा असेल तर व्हिडिओ सुरू होतो. झेपणारा नसेल तर नाव शंभर वेळा बदला, काहीही होणार नाही. नाव बदलल्याने फाइलच्या आतला एक बाइटसुद्धा हलत नाही.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. पहिली, नावाचं शेपूट म्हणजे एक्स्टेन्शन. दुसरी, कंटेनर, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवणारा डबा: एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही, वेबएम हे सगळे डबे. तिसरी, कोडेक, म्हणजे चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरले आहेत ती पद्धत: चित्रासाठी एच.२६४, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१, जुना एमपेग-२; आवाजासाठी एएसी, एसी३, डीटीएस, एमपी३, ओपस. एकाच .एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ असू शकतं किंवा एव्ही१ही असू शकतं. म्हणून ‘आमचा टीव्ही एमपी४ चालवतो, मग ही एमपी४ का चालत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्या पातळीवर सापडतं. एच.२६४ हे मानक २००३चं, एच.२६५ २०१३चं, एव्ही१ २०१८चं. २०१२च्या टीव्हीत एच.२६५ उलगडणारी चिप असण्याची शक्यताच नाही, आणि टीव्हीत चिप नसली की नंतर डाउनलोड करून बसवता येत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत प्लेयर सगळं चालवतो, कारण त्याचे डिकोडर त्याच्याच पोटात असतात आणि प्रोसेसर ते काम ओढून नेतो. त्यामुळे ‘लॅपटॉपवर चाललं’ एवढ्यावरून फाइल टीव्हीवर चालेल असं काहीच सिद्ध होत नाही. फाइल धड आहे, एवढंच कळतं.

आधी खरं नाव दिसू द्या

विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू या टॅबवरच तो चौकोन आहे. हे केल्याशिवाय नाव बदलायला गेलात तर ‘झांकी.एमपी४’ असं लिहिल्यावर फाइलचं खरं नाव ‘झांकी.एमपी४.एमकेव्ही’ होतं, तुम्हाला मात्र पुढचं शेपूट दिसतच नाही. टीव्ही शेवटचं शेपूट धरतो, आणि आपण म्हणतो की नाव बदलूनही फरक पडला नाही.

ही सेटिंग सुरक्षेसाठीही चालू हवीच. ‘लग्नाचा व्हिडिओ.एमपी४.ईएक्सई’ ही फाइल एक्स्टेन्शन लपलेलं असताना ‘लग्नाचा व्हिडिओ.एमपी४’ अशी दिसते आणि तिचं चिन्हही व्हिडिओसारखं ठेवता येतं. फोनवर हाच प्रकार .एपीके या शेपटाने चालतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा व्हिडिओ म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, आणि ते इन्स्टॉल केलं की तुमचे एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पत्रिका किंवा व्हिडिओ पाहण्यासाठी काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. घरातल्या मोठ्यांना एवढी एक गोष्ट नक्की सांगून ठेवा.

नाव बदलणं रास्त ठरतं अशा जागाही आहेत. शेपूटच नसलेली फाइल आली असेल, डीव्हीडीवरची .व्हीओबी असेल (ती .एमपीजी केली की पुष्कळ प्लेयर घेतात), जुन्या व्हीसीडीवरची .डीएटी असेल, तर नाव बदलून पाहायला हरकत नाही. पण .सीआरडाउनलोड किंवा .पार्ट ही शेपटं असलेली फाइल म्हणजे अर्धवट राहिलेलं डाउनलोड. तिचं नाव बदललं तरी उरलेला भाग कुठून येणार? ती पुन्हाच उतरवावी लागते.

फाइलच्या आत काय आहे ते असं पाहा

व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू करून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकची खिडकी उघडते, त्यात चित्राचा आणि आवाजाचा प्रवाह वेगवेगळा दिसतो. जास्त तपशील हवा असेल तर मीडियाइन्फो हे मोफत साधन टाकून घ्या आणि फाइल त्यात ओढून टाका. व्ह्यूमध्ये ‘टेक्स्ट’ निवडलं की सगळं एकाखाली एक मिळतं.

नव्या फोनवर रात्री राजवाड्याजवळ घेतलेल्या झांकीच्या फाइलीत साधारण असं दिसतं. जनरलखाली फॉरमॅट: एमपेग-४. व्हिडिओखाली फॉरमॅट: एचईव्हीसी, प्रोफाइल: मेन १०, रुंदी ३८४०, उंची २१६०, बिट डेप्थ: १० बिट, फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल. ऑडिओखाली एएसी, २ चॅनल. नाव मात्र साधं .एमपी४. आता ओळीने वाचा. डबा एमपी४, टीव्हीला चालणारा. आवाज एएसी स्टिरिओ, कुठेही चालेल. चित्र मात्र एचईव्हीसी, तेही १० बिट (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा) आणि ४के. फुल एचडी टीव्हीसाठी इथे तीन अडथळे एकदम आहेत. व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या कमीजास्त होणं, हा चौथा, पण तो टीव्हीला सहसा अडत नाही. एडिटिंग करताना त्रास देतो, त्याचं पुढे. म्हणजे इथे आवाजाला हात लावायची गरज नाही, चित्र मात्र नव्याने बनवावं लागेल.

इतकं वाचून झालं की अर्धं काम झालं. कारण यापुढचा नियम एवढाच: जो थर अडतो आहे तेवढाच बदला. डबा अडत असेल तर डबा बदला, त्याला मिनिटभर लागतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. आवाज अडत असेल तर फक्त आवाज बदला. चित्र अडत असेल तरच पूर्ण रूपांतर करा. त्यात वेळही जातो आणि थोडा दर्जाही, आणि गेलेला दर्जा परत मिळत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या प्लेयरने एररचा कोड दाखवला असेल तर तोही उपयोगी पडतो. शेवटी ५२१२ असेल तर त्याला कोडेक सापडलेला नाही. बहुतेक वेळा ते एचईव्हीसीच असतं, आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं एचईव्हीसी एक्स्टेन्शन अल्प किमतीत घेऊन किंवा व्हीएलसी वापरून काम होतं. शेवटी ३६सी४ असेल तर फाइलचा प्रकारच त्याला ओळखता आला नाही. डबा वेगळा असेल किंवा फाइल बिघडलेली असेल. ‘सगळे कोडेक एकत्र’ असं सांगणारे पॅक मात्र टाकू नका. ते एकमेकांच्या वाटेत येतात, आणि बरोबर नको ते सॉफ्टवेअरही येऊ शकतं.

चित्र येतं, आवाज येत नाही

हा सगळ्यांत जास्त आढळणारा आणि सगळ्यांत स्वस्तात सुटणारा प्रकार. मीडियाइन्फोत ऑडिओखाली डीटीएस, एसी३ किंवा ई-एसी३ दिसलं की कारण सापडलं. या आवाजाच्या पद्धती सहसा परवाना घेऊन टीव्हीत बसवल्या जातात. तो न घेतलेल्या टीव्हीवर आणि फोनमधल्या काही प्लेयरवर चित्र धावतं आणि आवाज शांत राहतो. .एमकेव्हीचं .एमपी४ करून इथे काहीच मिळत नाही.

उपाय ॲव्हिडेमक्स हे मोफत साधन. फाइल उघडा. डावीकडे व्हिडिओ आउटपुटखाली ‘कॉपी’ तसंच राहू द्या. ऑडिओ आउटपुटखाली ‘एएसी’ निवडा, कॉन्फिगरमध्ये १९२ केबीपीएस ठेवा. मूळ आवाज ६ चॅनलचा असेल तर फिल्टर्समध्ये मिक्सर चालू करून ‘स्टिरिओ’ करा. नाहीतर काही टीव्हीवर संवाद दबलेले येतात आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं. आउटपुट फॉरमॅट ‘एमपी४ मक्सर’. सेव्ह करा. चित्राला हात न लावल्यामुळे दोन तासांची फाइलही काही मिनिटांत तयार होते.

फक्त डबा बदलायचा असेल, म्हणजे आत एच.२६४ आणि एएसी आहे पण डबा एमकेव्ही किंवा एमओव्ही आहे, तर लॉसलेसकट हे साधन सोपं पडतं. फाइल ओढून टाका, खालच्या बाजूला आउटपुट फॉरमॅट एमपी४ निवडा आणि एक्स्पोर्ट करा. चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डब्यात ठेवले जातात. आयफोनच्या .एमओव्ही फाइलींसाठी हे फार उपयोगी आहे. एमपी४ची रचना ॲपलच्या क्विकटाइम फाइलवरच बेतलेली असल्याने हे दोन डबे सख्खे भाऊच आहेत.

आवाज येतो, चित्र काळं राहतं

इथे चित्राचा कोडेकच टीव्हीला झेपत नाही: एच.२६५, १० बिट, व्हीपी९, एव्ही१, किंवा झेपण्यापलीकडचं रिझोल्यूशन. जुन्या फुल एचडी टीव्हीत एच.२६४ असूनही १० बिट असेल तर चित्र अडतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हँडब्रेक हे मोफत साधन यासाठी पुरेसं आहे. लक्षात ठेवा, हँडब्रेक नेहमी चित्र नव्याने बनवतो, नुसता डबा तो कधीच बदलत नाही. म्हणून वरच्या प्रकारांसाठी तो वापरू नका.

फाइल उघडा, प्रीसेट ‘फास्ट १०८०पी३०’ घ्या. फॉरमॅट एमपी४. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर ‘एच.२६४ एक्स२६४’ आहे याची खात्री करा; त्याच्याजवळच १० बिटवालाही असतो, तो चुकून निवडू नका. फ्रेम रेटमध्ये ‘सेम ॲज सोर्स’ आणि त्याच्याखाली ‘कॉन्स्टंट’. क्वालिटीची पट्टी २२वर येते. हा आकडा लहान केला की दर्जा वाढतो आणि फाइल मोठी होते. ढोबळमानाने ६ने कमी केला की आकार दुप्पट, ६ने वाढवला की निम्मा.

दिवसाच्या शूटिंगला २२ पुरतं. झांक्यांच्या शूटिंगला पुरत नाही, आणि त्याचं कारण चित्रातच आहे. अंधारात कॅमेरा सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो, त्यामुळे काळ्या आकाशात सतत वळवळणारे दाणे येतात. वरून लुकलुकणारे हजारो दिवे, फिरणारी चाकं, मध्येच अखाड्यातले खेळ. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत काहीच स्थिर नसतं, आणि दाबण्याची पद्धत तर ‘मागच्या फ्रेममध्ये होतं तेच पुन्हा’ या गृहीतकावर उभी असते. जागा अपुरी पडली की काळ्या भागात चौकोन चौकोन दिसू लागतात आणि दिव्यांच्या कडा विरघळतात. म्हणून रात्रीच्या चित्रणाला १९ किंवा २० ठेवा आणि फाइल मोठी होईल हे धरून चाला. पूर्ण रूपांतराला बसवण्याआधी रेंजमध्ये ‘सेकंड्स’ निवडून सगळ्यांत गर्दीचा, सगळ्यांत जास्त दिव्यांचा मिनिटभराचा तुकडा करून पाहा, तो खऱ्या टीव्हीवर लावा, आणि मगच बाकीचं रात्री लावून झोपा.

मुळातच त्रास टाळायचा असेल तर शूटिंगच्या आधी फोनची सेटिंग बदला. आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की एच.२६४ मिळतं, आणि रेकॉर्ड व्हिडिओमध्ये ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद केलं की १० बिटची भानगड राहत नाही. ॲन्ड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिएन्सी’ किंवा ‘एचईव्हीसी’ असं काही असेल तर बंद करा. बदल्यात जागा जास्त लागते: ॲपलच्याच आकड्यांनुसार १०८०पी ३० फ्रेमचं एक मिनिट एचईव्हीसीत सुमारे ६० एमबी घेतं, तर एच.२६४मध्ये सुमारे १३० एमबी. घरातले टीव्ही नवे ४के असतील तर एचईव्हीसीच ठेवा. पेनड्राइव्ह पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडे जाणार असेल आणि तिथला टीव्ही कुठल्या वर्षीचा आहे हे ठाऊक नसेल, तर १०८०पी, एच.२६४, ८ बिट, एएसी स्टिरिओ, .एमपी४ ही जोडणी धरा. आमच्या मते सर्वत्र चालणारं याहून भरवशाचं काही नाही.

पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, किंवा यादीत दिसत नाही

‘फाइल खूप मोठी आहे’ असं विंडोज सांगतं, आणि पेनड्राइव्हवर तर ५० जीबी मोकळी असते. कारण पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचा (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) आहे. फॅट३२वर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, एवढीच बसते. ८ एमबीपीएसचा व्हिडिओ मिनिटाला ६० एमबी घेतो, म्हणजे एक तास अकरा मिनिटांतच ही मर्यादा येते. अनेक कॅमेरे लांब शूटिंग ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतात त्याचंही कारण हेच. असे तुकडे लॉसलेसकटच्या ‘मर्ज’मधून जोडता येतात. अट एकच: सगळे तुकडे एकाच कॅमेऱ्याचे, एकाच सेटिंगचे हवेत.

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी काढून घ्या. आता एनटीएफएस की एक्सफॅट? नवे टीव्ही दोन्ही घेतात. जुन्या टीव्हींपैकी पुष्कळांना एक्सफॅट कळत नाही, एनटीएफएस मात्र कळतं, म्हणून टीव्हीसाठी आम्ही एनटीएफएस सुचवू. गाडीच्या स्टिरिओला बहुधा फॅट३२च लागतं. जेल रोडवरून नवा पेनड्राइव्ह घेताना हे विचारण्यात अर्थ नाही. घरी आणून प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टिम’ वाचा, तिथे खरं काय ते लिहिलेलं असतं.

आणखी एक कारण मराठी घरांत हमखास येतं: देवनागरी नाव. ‘आजोबांची पंच्याहत्तरी.एमपी४’ हे नाव कॉम्प्युटरवर सुंदर दिसतं, पण काही टीव्ही आणि स्टिरिओ ते चौकोनांत दाखवतात, काही ती फाइल सरळ गाळतात. कॉम्प्युटरवर नावं खुशाल मराठीत ठेवा. टीव्हीला लावायच्या प्रतीचं नाव रोमन अक्षरांत, लहान, चिन्हांशिवाय द्या आणि फाइल सातव्या फोल्डरच्या आत न ठेवता वरच ठेवा.

फाइल कुठेच उघडत नाही

व्हीएलसीतही उघडत नसेल तर प्रश्न फॉरमॅटचा नाही, फाइल अपुरी आहे. एमपी४ आणि एमओव्हीत एक अनुक्रमणिका असते, तिचं नाव ‘मूव्ह’. कुठली फ्रेम कुठल्या बाइटवर आहे, आवाज कुठे सुरू होतो हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं, आणि फोन किंवा कॅमेरा ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितो. बॅटरी मध्येच संपली, कार्ड भरलं, फोन गरम होऊन बंद पडला, की चित्र आणि आवाज कार्डावर असतात पण अनुक्रमणिका नसते. प्लेयरला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

खात्री करायची असेल तर एचएक्सडी हे हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन, उघडा. ते मोठ्या फाइलींवर अडखळत नाही, नोटपॅडमध्ये असं करू नका. चांगल्या एमपी४च्या पहिल्याच ओळीत पाचव्या बाइटपासून एफ, टी, वाय, पी ही चार अक्षरं दिसतात. मग शोधामध्ये एम, ओ, ओ, व्ही ही अक्षरं शोधा. एम, डी, ए, टी (चित्र आणि आवाजाचा साठा) सापडतं आणि एम, ओ, ओ, व्ही सापडत नाही, म्हणजे वर सांगितलेलाच प्रकार. एमकेव्ही असेल तर सुरुवात १ए ४५ डीएफ ए३ या चार बाइटने होते, एव्हीआयची आर, आय, एफ, एफ या अक्षरांनी. नाव एक आणि सुरुवात दुसरी असेल तर कुणीतरी नाव बदललं आहे, मूळ शेपूट परत द्या. आणि सुरुवातीपासून नुसती शून्यंच शून्यं दिसत असतील, आकार मात्र मूळ फाइलइतकाच, तर कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह ओढून काढला गेला आहे. मूळ प्रत असेल तर पुन्हा कॉपी करा, आणि या वेळी ‘इजेक्ट’ करून काढा.

अनुक्रमणिका नसलेली फाइल ‘अनट्रंक’ या मोफत साधनाने बऱ्याचदा वाचते. त्याला त्याच फोनवर, त्याच रिझोल्यूशनमध्ये आणि त्याच फ्रेम रेटमध्ये घेतलेली एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. ती नसेल तर आत्ता त्याच सेटिंगमध्ये मिनिटभर शूट करून घ्या, पण त्याच कार्डावर नाही. दुसरं कार्ड घाला. ज्या कार्डावर बिघडलेली फाइल आहे त्यावर काहीही नवं लिहू नका. शून्य केबीची फाइल असेल तर तिच्यात वाचवायला काही नाही. कार्डाच्या मोकळ्या जागेतून शोधणाऱ्या फोटोरेकचा मार्ग उरतो.

मंडळाचा कार्यक्रम लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करत असाल तर रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. कार्यक्रम संपल्यावर फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याचं एमपी४ होतं.

आवाज हळूहळू मागे पडतो

सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, अर्ध्या तासाने आवाज एक सेकंद मागे पडलेला असतो. हे एडिटिंग केल्यावर दिसतं. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमीजास्त करतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो सगळीकडे सारखाच आहे असं धरून चालतं. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट’ करून घ्या, क्वालिटी १८. एडिट झाल्यावर दुरुस्त करायला बसू नका.

लग्नाच्या जुन्या सीडी आणि डीव्हीडी

व्हीसीडीत एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एव्हीएसईक्यू०१.डीएटी. आत एमपेग-१, ३५२ गुणिले २८८. चरे पडलेली व्हीसीडी एक्सप्लोररमधून कॉपी करताना मध्येच अडते, कारण व्हीसीडीवरचा व्हिडिओ ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहिला जातो त्यात चुका दुरुस्त करणारी जास्तीची माहिती ठेवलेलीच नसते; ती जागा व्हिडिओला दिलेली असते. आयसोबस्टरसारखं साधन वाचता न आलेला सेक्टर सोडून पुढे जातं, आणि व्हिडिओत त्या जागी क्षणभर चौकोन दिसतात एवढंच. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्या जुन्या ड्राइव्हला वाचता येते, तेव्हा लगेच टाकून देऊ नका.

डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस फोल्डर, त्यात १ जीबीपर्यंतच्या .व्हीओबी फाइली. त्या एकेक सुट्या उचलून नावं बदलली तर जोडावर आवाज तुटतो. मेकएमकेव्ही या साधनाला अख्खी डिस्क दाखवा, तो दर्जा न घटवता एक सलग .एमकेव्ही काढून देतो. तीच मूळ प्रत म्हणून ठेवा. टीव्हीसाठी वेगळी प्रत हँडब्रेकने काढा, फिल्टर्समध्ये ‘डीइंटरलेस’ चालू ठेवा, नाहीतर हात हलला की कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात. ३५२चं १९२० करून काहीही वाढत नाही, आकार मूळचाच ठेवा.

दुकानात ‘कन्वर्ट करवाना है’ म्हणून दिलं तर ‘एमपी फोर बना देंगे’ एवढंच उत्तर मिळतं. डबा कळला, आत काय भरणार ते कळलं नाही. एच.२६४ हवं, आकार मूळचा हवा आणि मूळ फाइलही परत हवी, हे तिन्ही लिहून द्या.

मराठी सबटायटल

.एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. रोमन अक्षरांवर टिंबं-टोप्या असलेला गोंधळ दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, वाचणारा प्लेयर अक्षरांचा चुकीचा संकेत (एन्कोडिंग) धरतो आहे. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सबटायटल्सखाली डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि फॉन्ट निर्मला यूआय. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, आणि नोटपॅडमध्येही तीच, तर फाइल एएनएसआय या मराठी न पेलणाऱ्या संकेतात सेव्ह होऊन अक्षरं कायमची गेली आहेत. मूळ मजकुरातून पुन्हा यूटीएफ-८मध्ये सेव्ह करावी लागेल. टीव्हीवर जोडाक्षरं फुटून दिसतात तो टीव्हीचा दोष, त्याला इलाज हँडब्रेकच्या सबटायटल्स टॅबमध्ये फाइल आणून ‘बर्न इन’ करणं, म्हणजे अक्षरं चित्रातच छापून टाकणं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना

व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. नातेवाइकांनी पाठवलेला धूसर व्हिडिओ नंतर कुठल्याही साधनाने स्वच्छ होत नाही, मूळ फाइलच मागा.

सीसीटीव्हीचं फुटेज

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरमधून आलेली .डीएव्ही किंवा .२६४ फाइल व्हीएलसीत कधी चालते, कधी वेळ चुकीची दाखवते. सोसायटीच्या कामापुरतं हवं असेल तर डीव्हीआरच्या बॅकअप मेनूत एमपी४चा पर्याय आहे का ते आधी बघा. पोलिसांना द्यायचं असेल तर मात्र रूपांतर करू नका, नावही बदलू नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ठशासारखी खूण, लिहावी लागते. नुसतं नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, पण फाइल रूपांतरित केली की हॅश साफ वेगळी येते आणि मूळ फाइल ती ही नव्हे असा प्रश्न उभा राहतो. डीव्हीआरमधून निघाली तशीच फाइल, डीव्हीआर कंपनीच्या प्लेयरसकट, कोऱ्या पेनड्राइव्हवर द्या. आणि डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो, म्हणून हे काम त्याच दिवशी करा.